मंगल कार्यालयात फोटो काळे का येतात? नव्या फोटोग्राफरनं आधी काय घ्यावं, लेन्स की लाइट?

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते. मधला पौष सोडला तर थेट ज्येष्ठापर्यंत तालुक्याच्या गावातली मंगल कार्यालयं गजबजलेली असतात. या सराईत गावोगावची पोरं कॅमेरा घेऊन धंद्यात उतरतात. बहुतेकांचा रस्ता एकसारखाच. शेतमालाचे पैसे आले, नाहीतर घरच्यांनी हप्त्यावर घेऊन दिला, की पहिला कॅमेरा येतो. सोबत खोक्यातच आलेली १८-५५ लेन्स असते. रानात, देवळाच्या पायरीवर, वाड्यापुढं मित्रांचे फोटो झकास येतात. मग भावकीतली पहिली ऑर्डर मिळते. लग्न असतं हॉलमध्ये. घरी येऊन कॉम्प्युटरवर फोटो उघडले की नवरा-नवरीची तोंडं काळी, मागची एलईडीची माळ पांढरीफटक आणि अक्षता टाकणारे हात हललेले.

मग पोरगं ठरवतं की कॅमेराच हलका आहे, मोठा घ्यायला पाहिजे. पैशाचं वाटोळं इथंच होतं. महाग बॉडीनं फरक पडतो, पण थोडा. त्याच्या कितीतरी पट फरक योग्य लेन्स आणि एक चांगला फ्लॅश पाडतो, आणि तोही कमी पैशात.

यात दोघांचं नुकसान असतं. फोटोग्राफरची राहिलेली रक्कम अडकते आणि गावात नाव खराब होतं. घरच्यांचं नुकसान त्याहून मोठं, कारण अंतरपाट एकदाच खाली येतो. दुसरी गोष्ट बोलून दाखवत नाहीत, पण सगळ्यांना ठाऊक असते. खेड्यातल्या कितीतरी आजी-आजोबांचा नीट काढलेला शेवटचा फोटो नातवाच्या लग्नातलाच असतो. पुढं कधी भिंतीवर लावायला किंवा दशक्रियेच्या फ्लेक्सवर टाकायला तोच फोटो कापून घेतात. तो काळा किंवा हललेला निघाला तर दुसरा कुठून आणणार?

म्हणून हॉलमधला उजेड कसा चालतो, त्यासाठी कोणती लेन्स आणि कोणता लाइट लागतो आणि पैसे कोणत्या क्रमानं घालावेत, ते इथं सविस्तर दिलं आहे.

हॉल लखलखीत, तरी कॅमेऱ्याला अंधार का?

माणसाचा डोळा उजेडाप्रमाणं स्वतःला बदलून घेतो. उन्हातून घरात आलं की क्षणभर अंधारी येते, मग सगळं दिसायला लागतं. त्यामुळं हॉलमध्ये उजेड भरपूर आहे असंच आपल्याला वाटतं. मोजलं तर चित्र वेगळं आहे. भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड असतो. बऱ्यापैकी दिवे असलेल्या खोलीत तो दोन-तीनशे लक्सच्या आसपास भरतो. म्हणजे उन्हापेक्षा शेकडो पटीनं कमी.

त्यात स्टेजच्या डेकोरेशनचे दिवे बहुतेक वेळा मागच्या पडद्यावर किंवा वरून डोक्यावर पडतात. तोंडावर उजेड नसतोच. डोळ्यांखाली सावली पडते, फेट्याखाली आणि मुंडावळ्यांमागं चेहरा आणखी बुडतो. ऑटोवर टाकलेला कॅमेरा मागचा झगमगाट बघून फोटो अंधारा करतो.

उजेडाच्या तीन चाव्या

कॅमेऱ्यात उजेड कमी-जास्त करायला तीन चाव्या असतात. त्या शेतकऱ्याला समजायला अवघड नाहीत.

पहिली म्हणजे लेन्सचं तोंड, ज्याला ॲपर्चर म्हणतात. हे पाइपच्या तोंडासारखं आहे. दोन इंची पाइपच्या जागी चार इंची टाकला तर तोंड दुप्पट नाही, चौपट मोठं होतं. लेन्सचंही तसंच. मात्र आकडा उलटा चालतो: आकडा लहान, तोंड मोठं. एफ/५.६ वरून एफ/२.८ वर आलं की चौपट उजेड आत येतो.

दुसरी चावी शटर. दारं किती वेळ उघडं ठेवलं, तो हिशोब. १/५० सेकंद उघडं ठेवलं तर १/१०० पेक्षा दुप्पट उजेड मिळतो. पण तेवढ्या वेळात माणूस हलला तर फोटोही हलतो. चालत्या-बोलत्या माणसांसाठी १/१०० च्या खाली जाणं जोखमीचं.

तिसरी चावी आयएसओ. हा लाउडस्पीकरचा आवाज वाढवण्याचा प्रकार आहे. आवाज वाढवला तर भाषण मोठं ऐकू येतं, पण खरखरही वाढते. आयएसओ वाढवला की फोटो उजळतो आणि सोबत दाणे येतात. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांवर १६०० पर्यंत फारशी चिंता नसते, ३२०० पर्यंत चालवून घेता येतं. त्यापुढं मोठा अल्बम छापला की दाणे उठून दिसतात.

शटर एका मर्यादेखाली नेता येत नाही आणि आयएसओ एका मर्यादेवर नेता येत नाही. उरतं पाइपचं तोंड, म्हणजेच लेन्स.

१८-५५ कुठं अडते?

कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ लेन्सवर ३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. १८ वर ठेवलं तर तोंड एफ/३.५ पर्यंत उघडतं. झूम करत ५५ वर नेलं की ते एफ/५.६ वर येतं. नवरीचा चेहरा जवळ घ्यायला झूम केला की नेमक्या त्याच वेळी उजेड कमी होतो.

याउलट ५० एमएम एफ/१.८ ही लेन्स. तिला झूम नाही, पण तोंड मोठं आहे. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ वर जवळपास साडेनऊ पट उजेड येतो. म्हणजे जिथं १८-५५ ला आयएसओ ६४०० लागतो, तिथं हिचं काम ८०० च्याही आत होतं. कॅनन असो वा निकॉन, ही कंपनीच्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक आहे.

मोठ्या तोंडाचा एक तोटाही आहे, तो आधीच कळलेला बरा. तोंड जेवढं मोठं, तेवढा स्पष्ट दिसणारा पट्टा पातळ. साध्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० एमएम लेन्स एफ/१.८ वर ठेवून दोन मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्ट पट्टा जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटरचा मिळतो. नवरदेव स्पष्ट आणि अर्धा फूट मागं उभी असलेली नवरी धूसर, असं होतं. एफ/४ वर तोच पट्टा वीतभर होतो. म्हणून एफ/१.८ एका चेहऱ्यासाठी. दोघं असतील तर एफ/२.८ ते ४, आणि ग्रुप असेल तर एफ/५.६. त्या ग्रुपसाठी उजेड फ्लॅशनं द्यायचा.

कोणत्या विधीला कोणती लेन्स?

लेन्सचा एमएम म्हणजे ती किती जवळचं दाखवते याचं माप. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, त्याला क्रॉप सेन्सर म्हणतात. त्यावर ५० एमएम ही लेन्स निकॉन आणि सोनीत ७५ सारखी, तर कॅननमध्ये ८० सारखी चालते. म्हणून जागेचा हिशोब करूनच लेन्स घ्यावी.

नवरा-नवरी पायापासून फेट्यापर्यंत उभ्या फ्रेममध्ये घ्यायचे असतील तर ५० एमएमनं साधारण १४ फूट मागं जावं लागतं. ३५ एमएमनं १० फुटांत काम होतं. आता २०-२५ पाहुण्यांचा १६ फूट रुंद ग्रुप घ्यायचा झाला, तर ५० एमएमनं ३५ फूट मागं जावं लागेल. मध्ये खुर्च्या, पोरं आणि पंगतीला निघालेली माणसं येणार. तोच ग्रुप १८ एमएमवर १२-१३ फुटांत बसतो. म्हणून १८-५५ विकून टाकू नये. ग्रुपसाठी फ्लॅश लावून तीच उपयोगी पडते.

हळद बहुतेक घरीच लागते. पडवीत किंवा पत्र्याच्या खोलीत जागा कमी, बायकांची दाटी. तिथं ३५ एमएम एफ/१.८ सोयीची. ५० लावली तर पाठ भिंतीला टेकते.

औक्षण, मुंडावळ्या बांधणं, नवरीचा शृंगार, आईच्या डोळ्यांतलं पाणी, पाठवणी यासाठी ५० एमएम एफ/१.८. औक्षणाच्या ताटातल्या निरांजनाचा उजेड चेहऱ्यावर येतो, तो फ्लॅशनं मारू नये. एफ/२, शटर १/१०० आणि आयएसओ ८०० ते १६०० पासून सुरुवात करून बघावी.

मंगलाष्टकं, अंतरपाट आणि अक्षता यांच्यासाठी झूम पाहिजे. त्या पाच-दहा मिनिटांत लेन्स बदलायला वेळ नसतो आणि उभं राहायला जागाही ठरलेली नसते. अशा वेळी पूर्ण झूममध्ये एफ/२.८ राहणारी लेन्स कामी येते. क्रॉप सेन्सरच्या जुन्या डीएसएलआरसाठी टॅमरॉन आणि सिग्मा या कंपन्यांच्या १७-५० एफ/२.८ लेन्स आहेत, जुन्या बाजारातही मिळतात. कॅनन किंवा निकॉनची २४-७० एफ/२.८ उत्तम, पण किंमत लाखाच्या घरात आणि पुढं जाते. पहिल्या वर्षी त्या वाटेला जायची गरज नाही.

७०-२०० एफ/२.८ ही लांबून चेहरे टिपणारी लेन्स. गर्दीतल्या आजीचं हसू ती छान पकडते. पण जड आहे, महाग आहे आणि लहान हॉलमध्ये अर्धा वेळ पिशवीतच राहते. ती लागेल त्या दिवशी भाड्यानं आणावी.

दुकानात पैसे देण्याआधी या गोष्टी तपासा

निकॉन डी३५००, डी५६०० अशा कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यांच्यावर जुनी एएफ ५० एमएम एफ/१.८ डी लेन्स बसते, पण आपोआप फोकस करत नाही. स्वस्त मिळते म्हणून ती घेतली तर भर लग्नात हातानं फोकस फिरवत बसावं लागतं. या बॉडीसाठी एएफ-एस लिहिलेलीच लेन्स मागावी.

कॅनन २००डी मार्क टू सारख्या काही मॉडेलमध्ये फ्लॅश बसवायच्या खाचेत मधली पिन दिलेली नाही. एका पिनवर चालणारा साधा फ्लॅश त्यावर पेटतच नाही. फ्लॅश घेताना स्वतःची बॉडी सोबत न्यावी, बसवून पेटवून बघावा, मगच पैसे द्यावेत.

जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं मारून दुसऱ्या बाजूनं काचेत बघावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स घेऊ नये. थोडी धूळ असली तर फारसं बिघडत नाही. घरी पावसाळ्यात लेन्स कपाटात कोंडून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी.

फ्लॅश समोरून मारू नका, छतावर मारा

मोठ्या तोंडाच्या लेन्सनं निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं फ्लॅशचं. कॅमेऱ्यातून वर येणारा छोटा फ्लॅश हॉलच्या कामाचा नाही. त्याचा उजेड सरळ तोंडावर बसतो, कपाळ चमकतं आणि मागं काळी सावली पडते.

शिवाय उजेडाचा एक नियम आहे: अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. फवारणीच्या पंपासारखंच. नोझलजवळच्या पानावर भरपूर औषध पडतं, लांबच्या पानावर नुसता शिडकावा. सरळ मारलेल्या फ्लॅशमध्ये दोन मीटरवरचा नवरदेव पांढराफटक आणि चार मीटरवरचे वऱ्हाडी अंधारात, ते याच कारणानं.

यावर उपाय म्हणजे वर बसवायचा फ्लॅश, ज्याचं डोकं वर आणि बाजूला फिरतं. डोकं छताकडं करून मारलं की सगळं छतच मोठ्या दिव्यासारखं काम करतं. उजेड मऊ होऊन वरून-समोरून पसरतो, पुढच्या-मागच्या माणसांत फरक कमी राहतो. याला बाउन्स म्हणतात. छत पांढरं आणि ९ ते १२ फुटांचं असेल तर काम सोपं. डोकं अगदी सरळ वर न ठेवता थोडं पुढं किंवा बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडं झुकवलं तर डोळ्यांखालची सावली कमी होते.

अडचण अशी की आपल्याकडची बरीच कार्यालयं म्हणजे उंच पत्र्याचं शेड. वर गुलाबी नाहीतर पिवळं कापड ताणलेलं. उंच पत्र्यावरून उजेड खाली येईपर्यंत त्यात दम राहत नाही. गुलाबी कापडावर मारला तर चेहरे गुलाबी येतात. अशा ठिकाणी तीन मार्ग आहेत.

एक, जवळ पांढरी भिंत किंवा खांब असेल तर डोकं तिकडं फिरवायचं. दोन, सोबतच्या पोराच्या हातात पांढऱ्या थर्माकोलची मोठी शीट द्यायची आणि फ्लॅश तिच्यावर मारायचा. खर्च काही नाही, आणि चेहऱ्यावर उजेड बाजूनं येतो. तीन, फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून स्टँडवर लावायचा.

तिसरा मार्ग स्टेजसाठी सगळ्यात चांगला. स्टेजच्या पुढच्या दोन कोपऱ्यांना दोन स्टँड, सात-आठ फूट उंचीवर फ्लॅश, पुढं पांढरी छत्री. कॅमेऱ्यावर रेडिओ ट्रिगर बसवला की वायर न लागता दोन्ही पेटतात. पॉवर चौथाईपासून सुरू करून बघावी. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवायलाच हवी. लग्नात पोरं पळतात, स्टँड कुणाच्या अंगावर पडला तर फोटोपेक्षा मोठं लचांड होतं.

फ्लॅश दोन प्रकारचे येतात. मॅन्युअल फ्लॅशमध्ये पॉवर हातानं ठरवावी लागते. टीटीएल फ्लॅश अंतर आणि उजेड मोजून स्वतः ठरवतो. उदाहरणार्थ गोडॉक्सचा टीटी६०० मॅन्युअल आणि टीटी६८५ टीटीएल आहे. स्टँडवर अंतर बदलत नाही, तिथं मॅन्युअल पुरतो. पण हातात कॅमेरा घेऊन गर्दीत फिरायचं असेल तर नव्या माणसाला टीटीएलच बरा.

सेल हा विषय लहान वाटतो, पण ऑर्डर बुडवतो. असे बरेच फ्लॅश चार पेन्सिल सेलवर चालतात. किराणा दुकानातले साधे सेल थोड्याच वेळात दमतात आणि पुढचा फ्लॅश पेटायला वेळ लागतो. अक्षता पडून जातात आणि फ्लॅश अजून भरतोच आहे, असं होतं. चार्ज होणारे एनआयएमएच सेल घ्यावेत, चार-चारचे तीन संच. लागोपाठ पूर्ण पॉवरवर मारत राहिलं तर फ्लॅश तापून बंद पडतो, हेही ध्यानात ठेवावं.

पट्टे, रंग आणि व्हिडिओवाल्याचा लाइट

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर जलद ठेवलं तर फोटोत आडवे पट्टे येतात किंवा एक फोटो उजळ, दुसरा पिवळट येतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की हा त्रास बहुतेक जातो. एलईडी वॉल आणि रंगीत पार लाइटचं गणित वेगळं असतं, तिथं दोन-चार फोटो काढून बघावं. मिररलेस कॅमेऱ्यात आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं. हॉलमध्ये ते बंद ठेवावं, त्यात पट्टे जास्त येतात.

फ्लॅश लावल्यावर शटरला वरचीही मर्यादा असते. बहुतेक सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत ती १/२०० आहे. त्यापुढं गेलं तर फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो.

रंगाचा घोळही ठरलेला. पिवळे बल्ब, पांढऱ्या ट्यूब आणि डेकोरेशनचे निळे-जांभळे पार लाइट, सगळं एकत्र. पिवळ्या दिव्यांच्या हॉलमध्ये फ्लॅशवर नारिंगी जिलेटीन पेपर लावला तर चेहरा आणि मागची जागा एका रंगात येते. फोटो रॉ फॉरमॅटमध्ये काढले तर रंग नंतर नीट करता येतो. पण निळा पार लाइट थेट नवरीच्या चेहऱ्यावर असेल तर नंतर फार काही हाती लागत नाही. डेकोरेशनवाल्याला विधी सुरू होण्याआधीच सांगावं की रंगीत लाइट मागच्या पडद्यावर राहू द्या, तोंडावर नको.

व्हिडिओवाल्याचा मोठा एलईडी लाइट हाही उजेडच आहे. त्याच्याशी भांडू नये. तो चेहऱ्याच्या एका बाजूनं लागावा असं दोघांनी ठरवलं तर फोटो आणि व्हिडिओ दोन्हीचं भलं होतं.

सुरुवातीचे आकडे

हे आकडे म्हणजे पेरणीची शिफारस. जमीन बघून बदल करायचाच.

मंगलाष्टकं, अंतरपाट: एफ/४, १/१००, आयएसओ १६००, फ्लॅश छताकडं.

अक्षता पडताना: एफ/४, १/२००, आयएसओ १६००, फ्लॅश. फ्लॅशचा झोत क्षणभराचाच असतो, त्यामुळं अक्षता हवेत थांबलेल्या दिसतात.

होम, सप्तपदी: एफ/२.८, १/१००, आयएसओ १६००. फ्लॅश एक पायरी कमी, नाहीतर अग्नीचा उजेड मरतो. धूर असेल तर फ्लॅश सरळ मारू नये, नुसता धूरच उजळतो. बाजूनं मारावा.

आहेर आणि ग्रुप: एफ/५.६, १/१००, आयएसओ १६००, फ्लॅश. दोन पावलं मागं उभं राहावं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ओळीतला उजेडाचा फरक कमी होतो.

मोबाइलनं हॉल मोजा

ऑर्डर घेतल्यावर आदल्या दिवशी कार्यालयात जाऊन यावं. स्टेजचे दिवे लावायला सांगावेत, एका माणसाला मध्ये उभं करावं आणि मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्यानं त्याचा चेहरा टिपावा, नाइट मोड बंद ठेवून. मग गॅलरीत त्या फोटोची माहिती उघडावी. तिथं एफचा आकडा, शटर आणि आयएसओ लिहिलेला असतो. समजा मोबाइलनं एफ/१.८, १/५० आणि आयएसओ ८०० दाखवलं. तेवढ्याच शटरला १८-५५ लेन्सला एफ/५.६ वर ७५०० च्या पुढं आयएसओ लागेल, म्हणजे फ्लॅशशिवाय तिचं काम नाही. ५० एमएम एफ/१.८ ला मात्र ८०० च पुरेल. पैसे कुठं घालायचे ते या एका फोटोत कळतं. त्याच फेरीत छत किती उंच, कापड कोणत्या रंगाचं, जनरेटर आहे का, हेही बघून घ्यावं.

पैसे कोणत्या क्रमानं घालावेत?

हाताशी एक साधी बॉडी आणि १८-५५ आहे असं धरून क्रम असा ठेवावा. पहिला फिरत्या डोक्याचा फ्लॅश, चार्ज होणाऱ्या सेलच्या तीन संचांसह. दुसरी ५० एमएम एफ/१.८, किंवा घरातल्या हळदी-साखरपुड्याची कामं जास्त असतील तर ३५ एमएम. तिसरा आणखी एक फ्लॅश, दोन स्टँड, दोन छत्र्या आणि ट्रिगर. चौथी १७-५० किंवा तिच्यासारखी एफ/२.८ झूम. बॉडी सगळ्यात शेवटी.

बॉडीचे भाव दरवर्षी पडतात. चांगली लेन्स मात्र सांभाळून वापरली तर पुढच्या बॉडीवरही चालते, आणि विकायची वेळ आली तर बरा भाव देते. मोठी लेन्स लागलीच तर जिल्ह्याच्या गावी दिवसाच्या भाड्यानं मिळते. पण लग्नाच्या सकाळी ती पहिल्यांदा हातात घेऊ नये. आदल्या संध्याकाळी आणून घरातल्या ट्यूबलाइटखाली पन्नास फोटो काढून बघावेत.

कर्ज काढणार असाल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंतचं कर्ज बसतं. वरच्या यादीतले पहिले दोन टप्पे तेवढ्यात सहज मावतात. लाखांचं कर्ज मात्र पहिल्या सराईची कमाई हातात आल्याशिवाय काढू नये.

लग्नघरानं काय बघावं?

फोटोग्राफर ठरवताना निवडक दहा फोटो बघून भुलू नये. हॉलमध्ये झालेल्या एखाद्या लग्नाचे सगळे फोटो दाखव म्हणावं. त्यात मागच्या ओळीतले चेहरे ओळखू येतात का, अक्षतांच्या वेळचे फोटो हललेत का, ते बघावं. मोठा कॅमेरा आहे का यापेक्षा फ्लॅश किती आणि दुसरी बॉडी सोबत असते का, हे विचारावं. दुसरी बॉडी भाड्याची असली तरी चालेल.

डेकोरेशन ठरवताना आणखी एक काम करता येतं. स्टेजच्या मागं जेवढे दिवे, त्याच्या निम्मे तरी पांढरे दिवे समोरून, थोडे वरून, चेहऱ्यावर पडतील असे लावून घ्यावेत. त्यानं मोबाइलवर काढलेले पाहुण्यांचे फोटोही सुधारतात.

आणि विधी संपल्यावर, पंगती उठायच्या आधी, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाच मिनिटं पांढऱ्या भिंतीजवळ खुर्चीवर बसवावं. फ्लॅश बाजूच्या भिंतीकडं फिरवून एकेकाचा नीट फोटो काढून घ्यावा. नव्या फोटोग्राफरनं हे काम घरच्यांनी न सांगताच करावं. अल्बममधलं ते पान पुढं सगळ्यात जास्त वेळा उघडलं जातं.